फेस्क्यूच्या कुरणावरची गाभण घोडी: शेवटचे नव्वद दिवस

केंटकीच्या स्टड फार्मवर घोडीचे दिवस भरत आले की सगळ्यांचं लक्ष तिच्या कासेकडे लागतं. व्यायच्या आधी दोन ते चार आठवडे कास भरू लागते. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकाशी मेणासारखे पिवळसर थेंब जमतात आणि त्यावरून रात्रीची राखण ठरते. विषारी फेस्क्यू खाल्लेल्या घोडीत मात्र यातलं काहीच घडत नाही. तारीख उलटते, कास सपाटच राहते, ‘अजून वेळ आहे’ असं समजून माणूस झोपायला जातो आणि घोडी एकटीच अडते. शिंगरू जातं, कधी घोडीही जाते. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येतं, पण त्याची तयारी व्यायच्या रात्री करून भागत नाही. ती तीन महिने आधी सुरू करावी लागते.

दोष ज्या गवताचा, त्याचं नाव टॉल फेस्क्यू. अमेरिकेच्या पूर्व आणि आग्नेय भागात ते सुमारे साडेतीन कोटी एकरांवर पसरलेलं आहे. केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक ई. एन. फर्गस यांनी १९३१ मध्ये मेनिफी काउंटीतल्या एका डोंगरउतारावर ते पाहिलं. दुष्काळात आणि थंडीत टिकणारं, धूप थांबवणारं हे गवत १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ या नावानं शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि झपाट्यानं पसरलं. त्यावर चरणारी जनावरं आजारी का पडतात, याचा उलगडा पुढे बऱ्याच वर्षांनी झाला. १९७७ मध्ये जॉर्जियातल्या संशोधकांना त्याच्या पेशींच्या मधल्या जागेत राहणारी एक बुरशी सापडली. तिचं आजचं नाव एपिक्लोई सीनोफियाला. बुरशीमुळे गवत काटक होतं, कीड आणि पाण्याची ओढ सोसतं. त्याच बुरशीतून अर्गोव्हलीन हे विष तयार होतं. घोडीच्या शरीरात ते डोपामिनसारखं काम करतं आणि दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाला दाबून टाकतं. शेवटच्या महिन्यात संप्रेरकांमध्ये जे बदल व्हायला हवेत तेही बिघडतात. मग दिवस लांबतात, वार जाड होते आणि पान्हा येत नाही.

आधी तक्रार नेमकी ठरवा

‘घोडीला मूल राहत नाही’ एवढ्यावर थांबू नका. ती माजावरच येत नाही का? माजावर येते पण गाभण राहत नाही का? गाभण राहून मध्येच गाभडते का? की दिवस पूर्ण भरतात आणि व्यातानाच घात होतो? या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. फेस्क्यूचा हात मुख्यतः चौथीत असतो. पहिल्या तिन्हींत गवताकडे बोट दाखवण्याआधी बरंच काही तपासायचं असतं.

हे ठासून सांगण्याला कारण आहे. २००१ च्या वसंतात केंटकीत घोड्या अचानक मोठ्या संख्येनं गाभडू लागल्या आणि काही आठवड्यांत हजारो गर्भ गेले. तेव्हा कुरणातली बुरशीची विषं, चेरीच्या झाडांतलं सायनाइड अशा अनेक गोष्टींवर संशय गेला, त्यात फेस्क्यूही होतं. पुढच्या प्रयोगांनी दाखवलं की कारण वेगळंच होतं. चेरीच्या झाडांवर जाळी विणणाऱ्या ईस्टर्न टेंट कॅटरपिलर या केसाळ सुरवंटांचा त्या वर्षी सुळसुळाट झाला होता आणि चरताना ते घोड्यांच्या पोटात गेले होते. तेव्हापासून तिथले जाणते लोक वसंतात कुंपणालगतची चेरीची झाडंही बघतात. घोडी गाभडली तर गर्भ आणि पूर्ण वार थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवा. हर्पिस विषाणू, लेप्टोस्पायरा, वारेचा जंतुसंसर्ग ही कारणं तपासणीतच कळतात. वार पुरून टाकली तर पुरावाही गेला.

रिकामी घोडी: आधी गर्भाशय, मग गवत

घोडीचा माजाचा हंगाम मोठ्या दिवसांचा. हिवाळ्यात ती माजावर येत नाही, हा आजार नव्हे. फेब्रुवारीच्या मध्यापासून भरवायची असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज एकूण सोळा तास उजेड मिळेल अशी तबेल्यात दिव्यांची सोय करा. पहिलं बीज सुटायला तिथून दोन-अडीच महिने लागतात. अंगावर मांस हवं. हाडं वर आलेली घोडी उशिरा माजावर येते आणि तिचा गाभ कमी टिकतो.

चक्र सुमारे एकवीस दिवसांचं, माज पाच ते सात दिवसांचा, आणि बीज सुटतं माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून पहिल्या दिवशीच घोडा दाखवून मोकळं होऊ नका. सोनोग्राफीत बीजकोष पस्तीस मिलिमीटरच्या पुढे गेला आणि गर्भाशयाला सूज दिसू लागली की वेळ जवळ आली असं समजा. नेमका दिवस पशुवैद्यकालाच ठरवू द्या.

भरवूनही राहत नसेल तर गर्भाशयातला स्राव तपासायला द्या. वय झालेल्या आणि अनेकदा व्यालेल्या घोड्यांत गर्भाशयाला सूज आणि जंतू ही सगळ्यांत नेहमीची अडचण असते. योनीमार्गाचा वरचा भाग सैल होऊन हवा आणि शेण आत जात असेल तर टाके घालून तो अरुंद करता येतो. मोठ्या वयाच्या घोडीच्या गर्भाशयाचा बारीक तुकडा तपासला की ती गाभ पेलेल का, याचा बराच अंदाज येतो. घोड्याचं वीर्यही तपासा. एकाच घोड्याला दिलेल्या बऱ्याच घोड्या रिकाम्या राहत असतील तर दोष माद्यांत शोधू नका.

बीज सुटल्यानंतर चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी चुकवू नका. जुळं असेल तर त्यातलं एक याच मुदतीत सहज काढता येतं. नंतर ते अवघड होतं, आणि घोडीला जुळं क्वचितच झेपतं. मग अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास ठोके बघा. पस्तीस दिवसांच्या पुढे गर्भ गेला तर तो हंगाम बहुधा वाया जातो.

फेस्क्यूमुळे माज लांबतो आणि सुरुवातीचा गर्भ जातो, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून हे सगळं निर्मळ निघालं आणि कुरण फेस्क्यूनं भरलेलं असलं तर घोडी दुसऱ्या रानात हलवून बघणं शहाणपणाचं आहे. पण तपासणी न करता नुसतं रान बदलणं म्हणजे एक हंगाम घालवणं.

कुरण वाचणं

आता गवताकडे वळू. टॉल फेस्क्यू दाट बेटांनी वाढतं. पात रुंद आणि चरबरीत असते, तिच्या वरच्या बाजूला उभ्या खोल रेघा असतात, खालची बाजू चकचकीत असते आणि कडेवरून बोट उलटं फिरवलं की खरखर लागते. ब्लूग्रासची पात त्याच्यापुढे मऊ, अरुंद आणि टोकाला होडीसारखी वळलेली असते. एवढं ओळखायला एक दुपार पुरते. पण बुरशी आहे की नाही हे डोळ्यांना कधीच दिसत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक ओळखीची गोष्ट सांगता येईल. बाजरीवरचा अरगट ही याच कुळातली बुरशी. फुलोऱ्यात पाऊस झाला की कणसातून चिकट मधासारखा स्राव गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी येतात. आपला शेतकरी वीस टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून, बाजरी बुडवतो. गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकून खालचं बी स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवतो. अशा धान्यातलं विषही दूध आटवणाऱ्या जातीचंच. घोडीला बाजरी किंवा ओट चारणाऱ्यानं दाण्यात काळ्या गाठी दिसल्या तर तो माल गाभण जनावराला देऊच नये. अरगट निदान दिसतो तरी. फेस्क्यूतली बुरशी आतल्या आत राहते, बियांतून पुढच्या पिढीत जाते आणि गवत हिरवंगार, निरोगी दिसतं.

म्हणून नमुना काढावा लागतो. कुरणात नागमोडी चालत वीस ते तीस ठिकाणांहून फेस्क्यूच्या काड्या कापा. बुरशी तपासायची असेल तर काडी जमिनीलगत कापायची. अर्गोव्हलीन मोजायचं असेल तर घोडी जेवढं खाली चरते तेवढ्या उंचीवर कापायची. कापलेलं गवत लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा आणि प्रयोगशाळेत पोचवा. गाडीत, उन्हात राहिलेल्या नमुन्यात विष उतरतं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. पेंढ्या बांधलेलं गवत वाळून साठवल्यावर त्यातलंही विष काही अंशी उतरतं, पण संपत नाही. गाभण घोडीपुढे टाकायची गंजीही तपासून घ्या.

मग हिशेब करा. कुरणात फेस्क्यू किती टक्के आहे हे पावलं टाकत मोजा: दर काही पावलांवर बुटाच्या टोकाशी कोणतं गवत आहे ते वहीत लिहा. फेस्क्यू चाळीस टक्के आणि त्यात अर्गोव्हलीन ५०० पीपीबी (अब्जात ५०० भाग) निघालं तर घोडीच्या एकूण चाऱ्यात ते २०० पीपीबी झालं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांतल्या घोडीसाठी २०० ही सावध मर्यादा आहे, तिच्या वर जाऊ देऊ नका. नमुना कधी घेतला तेही महत्त्वाचं. वसंताच्या शेवटी लोंब्या आल्या की विष चढतं, उन्हाळ्यात काहीसं उतरतं, शरदात पुन्हा चढतं. मार्चमधल्या चांगल्या अहवालावर जूनमध्ये विसंबू नये.

नव्वद दिवस मागे मोजा

ही या कृतीची मुख्य पायरी. भरवल्याच्या तारखेपासून ३४० दिवस पुढे मोजा. घोडीचा काळ ३२० ते ३६० दिवसांत कुठेही भरू शकतो, म्हणून ही तारीख केवळ मधली समजा. तिच्यापासून नव्वद दिवस मागे या आणि त्या दिवशी घोडी फेस्क्यूवरून हलवा. जागा कमी असेल तर साठ. तीस ही शेवटची मर्यादा, कारण तीस दिवसांच्या आत हलवलेल्या घोडीच्या दुधाचा भरवसा देता येत नाही.

हलवायचं कुठे? ब्लूग्रास किंवा ऑर्चर्डग्रासच्या रानात, किंवा कोरड्या बंद आवारात. तिथे टिमोथी, ऑर्चर्डग्रास, लसूणघास यांचा स्वच्छ चारा द्या. दुसरं रान नसेल तर आवारच बरं. घोडीला चालण्या-फिरण्यापुरती जागा मिळाली की तीन महिने ती तिथे उत्तम राहते. तिच्या अंगाखालचं अंथरूणही बघा, फेस्क्यूचा पेंढा घातला तर ती तोच चघळत बसते. हे बारीकसारीक वाटतं, पण मी पाहिलेल्या बहुतेक चुका इथल्याच. रान बदललं जातं आणि गंजी जुनीच राहते.

जागा अजिबातच नसेल तर लोंब्या येऊ देऊ नका, यंत्रानं वारंवार कापत राहा. लोंबीत आणि काडीच्या बुडख्यात विष सर्वांत जास्त असतं, म्हणून रान खरवडून चरवूही नका. पांढरा क्लोव्हर पेरला की फेस्क्यूचा वाटा घटतो. यानं धोका कमी होतो, जात नाही.

औषध, पशुवैद्यकाच्या हातून

घोडी हलवायला उशीर झाला असेल, किंवा तारीख जवळ येऊनही कास हलत नसेल, तर डोंपेरिडोन उपयोगी पडतं. घोड्यांसाठीच्या त्याच्या जेलला अमेरिकेत २०१० मध्ये परवानगी मिळाली. दर किलो वजनाला १.१ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तोंडावाटे, व्यायच्या तारखेच्या दहा ते पंधरा दिवस आधीपासून. पाचशे किलोच्या घोडीला हे ५५० मिलिग्रॅम होतं. अर्गोव्हलीन ज्या जागी जाऊन बसतं ती जागा हे औषध अडवतं.

आपल्याकडे डोंपेरिडोन माणसांच्या उलटीवरचं औषध म्हणून औषधाच्या दुकानात मिळतं, म्हणून मुद्दाम सांगतो: गोळ्या आणून स्वतः सुरू करू नका. औषधानं पान्हा लवकर सुटला तर चीक जमिनीवर गळून जातो आणि शिंगराच्या वाट्याला नुसतं दूध उरतं. तारखेचा हिशेब चुकला तर हेच होतं. भरवल्याची तारीख पक्की नसेल तर पशुवैद्यकाला तसं स्पष्ट सांगा.

व्यायची रात्र

फेस्क्यू खाल्लेल्या घोडीची राखण कासेवरून ठरवू नका. ३२० वा दिवस लागला की रात्रीची राखण सुरू. कात्री, टॉवेल, हातमोजे, पशुवैद्यकाचा दूरध्वनी आणि घोडी दवाखान्यात न्यायला गाडी तयार ठेवा. चीक आधीच मिळवून ठेवा: दुसऱ्या घोडीचा, उणे वीस अंशांना गोठवलेला. तो कोमट पाण्यात वितळवायचा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं नासतात.

घोडीला कळा सुरू झाल्या की आधी पाणमोट फुटून पाणी येतं आणि मग करड्या-पांढऱ्या, पातळ पिशवीत गुंडाळलेले पुढचे पाय दिसतात. तसं न होता लाल, मखमलीसारखी जाड पिशवी बाहेर आली तर वाट बघू नका, पशुवैद्यकाचीही नाही. ती वार आहे. शिंगरू आतच असताना ती गर्भाशयापासून सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटला आहे. कात्रीनं ती पिशवी फाडा, आतली पांढरी पिशवीही फाडा, पाय धरा आणि घोडीच्या कळेबरोबर खाली, तिच्या टाचांच्या दिशेनं ओढा. दूरध्वनी दुसऱ्या माणसाला करायला सांगा. फेस्क्यूच्या घोडीची वार जाड असल्यामुळे ती नेहमीच्या जागी फाटत नाही, आणि दिवस लांबल्यानं शिंगरूही मोठं असतं. म्हणून या कुरणांवर हा प्रसंग इतरांपेक्षा जास्त येतो. राखणीला बसणाऱ्या प्रत्येक माणसाला हे आधी तोंडी शिकवा, नुसता कागद भिंतीवर लावून भागत नाही.

नेहमीचं बाळंतपण असेल तर पाणमोट फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर येतं. त्यापुढे गेलं तर मदत बोलवा.

पहिला दिवस

शिंगरानं तासाभरात उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं आणि तीन तासांत वार पडावी. वार पडली नाही तर ओढू नका. आत तुकडा राहिला तर गर्भाशयात विष पसरतं आणि त्यातून घोडीच्या खुरांपर्यंत सूज जाते. पडलेली वार जमिनीवर पसरून दोन्ही टोकं पूर्ण आहेत का ते बघा.

फेस्क्यूचं शिंगरू ओळखू येतं. ते लांबलचक, हडकुळं, वाढलेल्या खुरांचं आणि चोखायला दुबळं असतं. आईच्या सडांत काही नसेल तर वेळ घालवू नका. पहिल्या सहा-आठ तासांत राखून ठेवलेला एक ते दीड लिटर चीक थोडाथोडा, बाटलीनं किंवा पशुवैद्यकाच्या हातून नळीनं पोटात गेला पाहिजे. शिंगरू जन्मतः रोगप्रतिकारशक्तीशिवाय येतं, ती सगळी चिकातून मिळते आणि आतड्याची ती शोषून घ्यायची ताकद दिवसभरात संपते. अठरा ते चोवीस तासांनी रक्ततपासणी करा. आयजीजी, म्हणजे चिकातून आलेलं रोगप्रतिकारक प्रथिन, दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवं. कमी निघालं तर प्लाझ्मा द्यावा लागतो आणि तो लवकर दिलेलाच बरा. घोडीला दूध येईपर्यंत डोंपेरिडोन आणखी काही दिवस चालू ठेवायचं का, ते पशुवैद्यक ठरवतील.

रान बदलायचं असेल तर

ब्लूग्रासच्या रानात फेस्क्यू थोडंच मिसळलेलं असेल तर इमॅझापिक हे तणनाशक फेस्क्यू मारून ब्लूग्रास बऱ्यापैकी राखतं. मात्रा लेबलप्रमाणेच. रान फेस्क्यूनंच भरलेलं असेल तर सगळं मारून नव्यानं पेरा. त्या वर्षी लोंब्या पिकू देऊ नका, नाहीतर जमिनीत पडलेलं बी पुन्हा उगवतं. एकदा फवारा, मध्ये दुसरं पीक घेऊन दाबा, पुन्हा फवारा, मग पेरा. पेरायला ब्लूग्रास-ऑर्चर्डग्रास घ्या, किंवा निरुपद्रवी बुरशी असलेलं मॅक्सक्यू जातीचं फेस्क्यू. ते काटक आहे आणि अर्गोव्हलीन बनवत नाही. बुरशी फक्त बियांतूनच पसरते, शेजारच्या शेतातून वाऱ्यानं येत नाही, म्हणून एकदा नीट केलेलं रान बरीच वर्षं शुद्ध राहतं.

पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर चरणाऱ्या घोड्यांना ही भीती नाही, कारण इथली कुरणं फेस्क्यूची नाहीत. इथल्या घोडीला दूध आलं नाही तर दाण्यातला अरगट बघा आणि बाकीची कारणं शोधा. पण केंटकी, टेनेसी, मिझुरी, व्हर्जिनियात घोडी पाळणाऱ्या किंवा तिथे तबेल्यात काम करणाऱ्या मराठी माणसानं आजच वही काढावी, प्रत्येक गाभण घोडीच्या तारखेतून नव्वद दिवस वजा करून तो दिवस तबेल्याच्या दारावर लिहावा, आणि कुरणासाठी ‘केंटकी ३१’चं स्वस्त बी कुणी देऊ केलं तर ते परत पाठवावं.